पाच पदार्थ सोडले, उपासही चालू आहे, तरी पोट फुगतंच. आता अजून काय सोडू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: वय ३६, पोट फुगणं, दुपारनंतर गळून जाणं आणि अधूनमधून डोकं दुखणं एवढ्यासाठी तुम्ही सात आठवड्यांपूर्वी गहू, दूध, साखर, अंडी आणि कॉफी एका दिवसात बंद केलीत, त्याच सोमवारपासून १६ तासांचा उपास सुरू केलात, पहिले तीन दिवस डोकं प्रचंड दुखलं, मग दहाएक दिवस एकदम हलकं वाटलं, वजन ५६ वरून ५२ वर आलं, आणि त्यानंतर पोट पुन्हा फुगायला लागलं ते लागलंच, थकवा तर आधीपेक्षा जास्त. आता कुणीतरी सांगितलंय की पाच दिवस नुसत्या पाण्यावर राहा म्हणजे शरीर 'रीसेट' होईल. तो उपास करू का आणि यादीत अजून काय घालू, असं विचारताय.

उत्तर आधी देऊन टाकते. पाण्यावरचा उपास करू नका, आणि आत्ता अजून काहीही सोडू नका. उलट पुढचे दोन-अडीच महिने एकेक गोष्ट परत आणायची आहे. का ते सांगते, जरा लांबेल.

मी अठरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, त्यातली बरीचशी पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांसोबत गेली. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला मी पहिले दोन प्रश्न विचारते, काय काय सोडलंत आणि त्यातलं काय परत खाऊन बघितलंत. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटं चालतं, दुसऱ्यावर गप्प. तुमचंही तेच झालंय. पदार्थ सोडला आणि बरं वाटलं, एवढ्यावरून त्या पदार्थाबद्दल फार काही कळत नाही, कारण त्याच दिवशी अजून दहा गोष्टी बदललेल्या असतात. तो परत आणला, त्रास परत आला, पुन्हा काढला, पुन्हा गेला, असं झालं तर काहीतरी हाताला लागलं म्हणायचं. तुम्ही एका सोमवारी सहा बदल केलेत (पाच पदार्थ आणि उपास), आता त्या दहा चांगल्या दिवसांचं श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही नाही.

तरी अंदाज बांधता येतो. पहिल्या तीन दिवसांच्या डोकेदुखीला तुम्ही 'डिटॉक्स' म्हटलंय. माझ्या मते ती कॉफी अचानक तोडल्याची डोकेदुखी होती. कॅफिन बंद केल्यावर साधारण १२ ते २४ तासांत ती सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि दोन ते नऊ दिवसांत जाते. विष वगैरे काही बाहेर पडत नव्हतं. वजनाचं म्हणाल तर यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजन म्हणजे साखरेचा साठा असतो, त्याच्या दर ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, खाणं एकदम कमी केलं की तो साठा उतरतो आणि पाणी बाहेर पडतं, म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो आणि पोटही सपाट वाटतं. ते 'हलकं' वाटणं खरंच होतं, पण त्यातलं बरचसं पाणी होतं. शिवाय नवा नियम धरला की माणूस बाहेरचं कमी खातो, लवकर झोपतो, सावकाश जेवतो. यातलं काहीही गव्हाशी किंवा अंड्याशी संबंधित असण्याची गरज नाही.

मग दोन आठवड्यांनी पोट परत का फुगायला लागलं? इथे तुम्ही दिलेला एका दिवसाचा आहार फार उपयोगी पडला, बरेच लोक तो लिहीतच नाहीत. दुपारी साडेबाराला मोठा वाडगा भरून कडधान्यं आणि फ्लॉवर, त्यावर एक सफरचंद, चारला मूठभर काजू आणि एक 'नो शुगर' बार, रात्री आठच्या आत पुन्हा तसंच मोठं जेवण, आणि सकाळी भूक मारायला शुगर-फ्री च्युइंग गम, दिवसाला आठ-दहा. तुमचं सगळं लक्ष सोडलेल्या पदार्थांवर आहे, माझं लक्ष त्यांच्या जागी काय आलं तिकडे गेलं. कडधान्यं, फ्लॉवर, सफरचंद, काजू हे सगळे चांगलेच पदार्थ आहेत, पण त्यांच्यात लहान आतड्यात नीट न शोषले जाणारे कार्बोहायड्रेट भरपूर असतात. ते मोठ्या आतड्यात गेले की तिथले जीवाणू त्यांच्यावर तुटून पडतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं, पोट ताणतं. यांना एकत्र मिळून फॉडमॅप म्हणतात, हा शब्द २००५ मध्ये मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी आणला. बारमध्ये गोडीसाठी बहुतेक माल्टिटॉल असेल आणि फायबर म्हणून चिकोरीच्या मुळाचं इन्युलिन, पाकीट उलटून बघा. गममध्ये सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल. युरोपात अशा पॉलिऑल जातीच्या गोडवा देणाऱ्या पदार्थांचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात अशी सूचना पाकिटावर छापावीच लागते, त्यावरून काय ते समजा. वरून गम चघळताना हवा गिळली जाते ती वेगळीच.

आणि हे सगळं आठ तासांत कोंबलेलं. पूर्वी जे तीन-चार वेळांत पोटात जायचं ते आता दोन वेळांत जातंय, म्हणजे एका वेळचा भार दीडपट ते दुप्पट. म्हणजे उपासामुळे आराम पडायचा तो बाजूलाच राहिला, त्या भल्यामोठ्या जेवणांनीच पोट फुगतंय असं व्हायची बरीच शक्यता आहे.

या गमवरून माझी स्वतःची एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक बाई आल्या होत्या, रोज संध्याकाळी पोट टम्म. मी उत्साहात सहा पदार्थ बंद केले, दोन महिने त्यांनी इमानेइतबारे पाळलं, पाच किलो उतरल्या, पोट तसंच. तिसऱ्या भेटीत बोलता बोलता पर्समधून शुगर-फ्री मिंटची डबी काढली आणि मलाही एक देऊ केली. दिवसाला एक डबी संपायची. खाण्याच्या डायरीत नव्हती कारण 'ते काय खाणं आहे होय'. डबी बंद केली, दहा दिवसांत पोट उतरलं, मग सहाच्या सहा पदार्थ परत आणायला मला तीन महिने लागले कारण त्यांना प्रत्येकाची भीती बसली होती. ती भीती मीच घातली होती. तेव्हापासून मी एकदम सहा गोष्टी काढत नाही.

आता एकेक पदार्थ बघू.

अंडी. अंड्याची खरी अ‍ॅलर्जी असेल तर साधारण मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी, धाप असं काहीतरी होतं. तुम्ही लिहिलंय की असं कधीच झालं नाही आणि अंडं खाऊन पोट फुगल्याचंही आठवत नाही, यादीत होतं म्हणून सोडलं. मग ते आधी परत आणा. (ज्यांना कधीही अशी रिअ‍ॅक्शन आली आहे त्यांनी घरी हा प्रयोग करायचा नाही, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या देखरेखीतच. लहान मुलांच्या बाबतीत तर पदार्थ मनाने बंदच करू नका, एक्झिमा असलेल्या मुलांमध्ये जो पदार्थ आधी पचत होता तो बराच काळ बंद ठेवला की परत देताना गंभीर रिअ‍ॅक्शन आल्याची उदाहरणं आहेत.)

दूध. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणारं एन्झाइम वयाबरोबर कमी होतं, त्यामुळे दुधावर तुमचा संशय रास्त आहे. पण कमी होणं म्हणजे शून्य होणं नव्हे. असे बहुतेक लोक एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे जवळपास एक कप दूध, विशेषतः जेवणासोबत, फार त्रास न होता पचवतात, आणि दही किंवा मुरवलेलं घट्ट चीज तर त्याहून सोपं जातं. म्हणजे 'दूध चालतं का' याचं उत्तर हो-नाहीत येत नाही, कपात येतं.

गहू. इथे जरा थांबते, कारण तुम्ही (आणि जवळजवळ सगळेच) उलट्या क्रमाने गेलात. सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे स्वतःच्याच लहान आतड्याला इजा होणारा) शंभरात सुमारे एकाला असतो आणि त्याची रक्ताची टेस्ट, टीटीजी-आयजीए, गहू खात असतानाच करायची असते. गहू बंद केला की अँटिबॉडी उतरायला लागतात आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आत्ता केली आणि पॉझिटिव्ह आली तर ती धरायची, निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येत नाही, मग रोजच्या जेवणात किमान सहा आठवडे गहू खाऊन पुन्हा करावी लागते. हे नुसतं कागद पूर्ण करायला म्हणत नाहीये, सिलिअ‍ॅक असेल तर आयुष्यभर कणभरही गहू चालत नाही, आणि नसेल तर तेवढी शिक्षा कशाला भोगायची.

गहू आणि सिलिअ‍ॅकचा संबंध कसा सापडला ती गोष्ट मी पेशंटना नेहमी सांगते. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना, आणि त्याच्याकडे उपचार घेणारी या आजाराची मुलं बरी दिसायला लागली. ब्रेड परत मिळायला लागला तशी ती पुन्हा आजारी. मग त्याने मुद्दाम गहू काढून, परत देऊन तपासलं आणि १९५० मध्ये प्रबंधात मांडलं. ब्रेड परत आलाच नसता तर त्याच्या हातात नुसता संशयच राहिला असता.

सिलिअ‍ॅक नाही असं ठरल्यावरही गव्हाने पोट फुगत असेल तर दोषी ग्लूटेनच असेल असं नाही. नॉर्वेमध्ये ग्लूटेन सोसत नाही म्हणणाऱ्या ५९ जणांना कळू न देता वेगवेगळ्या आठवड्यांत ग्लूटेन असलेले, फ्रुक्टान असलेले (हाही फॉडमॅपच, गव्हात असतो आणि कांदा-लसणातही) आणि दोन्ही नसलेले बार दिले होते, निकाल २०१८ मध्ये आले. सगळ्यात जास्त त्रास ग्लूटेनच्या आठवड्यात झाला असे निघाले १३ जण, फ्रुक्टानच्या आठवड्यात २४, आणि काहीच नसलेल्या बारच्या आठवड्यात २२. तो शेवटचा आकडा परत वाचा. ते २२ जण खोटं बोलत नव्हते, पोट खरंच दुखत होतं, त्रास होणार म्हणून वाट बघत बसलेलं आतडं त्रास देतं. म्हणून मी प्रयोग आंधळा करायला सांगते, कसा ते खाली लिहिलंय.

साखरेबद्दल फार नाही लिहीत. कमी खाल्लीत तर चांगलंच, पण तिच्या जागी माल्टिटॉलचे बार आले तर पोटाच्या दृष्टीने सौदा महागात पडला.

शेवटी तुम्ही विचारलेली ती रक्ताची '२०० पदार्थांची इनटॉलरन्स टेस्ट'. ती बहुतेक आयजीजी नावाची रक्तातली अँटिबॉडी मोजते. आयजीजी तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच दाखवतं, उलट बऱ्याचदा शरीराला तो सवयीचा झाल्याची खूण असते, आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही टेस्ट यासाठी करू नका असं स्पष्ट सांगतात. ज्यांच्याकडे रिपोर्टमध्ये चाळीस पदार्थ लाल आलेत त्यांच्याकडून मी खाण्याची डायरी मागवते, तर त्यातले पस्तीस रोजच्या जेवणातले असतात, अजून काय येणार.

आता उपास. मी उपासाच्या विरोधात नाही हे आधी सांगते. जेवणांच्या मधे पोट रिकामं असलं की आतड्यात साधारण दीड ते दोन तासांनी एक साफसफाईची लाट येते, उरलंसुरलं पुढे ढकलते, आणि काही खाल्लं की ती थांबते. त्यामुळे दिवसभर येता-जाता तोंडात काहीतरी टाकणाऱ्या माणसाला नुसतं मधलं चरणं बंद करून आणि रात्री १२ तासांची सुट्टी देऊन बराच फरक पडतो, हे मी भरपूर पाहिलंय. पण त्यासाठी १६ तास लागत नाहीत. वजनासाठी म्हणाल तर चीनमध्ये लठ्ठपणा असलेल्या १३९ जणांवर वर्षभराचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये आला. सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या, निम्म्यांनी फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ मध्ये खाल्लं. त्यांचं ८ किलो उतरलं आणि बाकीच्यांचं ६.३, आकडेशास्त्राच्या हिशोबात हा फरक धरण्यासारखा नव्हता. म्हणजे ज्याला घड्याळ पाळणं सोपं जातं त्याने पाळावं, जादू घड्याळात नाही. 'ऑटोफॅजी'चं (पेशीने स्वतःचेच जुने भाग मोडून परत वापरणं) म्हणाल तर त्यावरचं २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळालं ते यीस्टच्या पेशींवरच्या कामासाठी, अमुक तासाला माणसाच्या शरीरात ती सुरू होते असं जे तक्ते फिरतात त्यावर जाऊ नका.

तुमची उंची १६५ सेंटीमीटर लिहिलीये. ५६ किलोला तुमच्याकडे उतरवायला काही नव्हतंच, ५२ ला बीएमआय १९ च्या आसपास येतो, सात आठवड्यांत सात टक्के वजन गेलंय. आणि तुम्ही सहज म्हणून लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, की रात्री झोप येत नाही आणि तुम्ही तास न् तास रेसिपीचे व्हिडिओ बघता. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला होता, अँसल कीज त्याचे प्रमुख. ते थकले, चिडचिडे झाले, आणि त्यांच्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, ज्यांना आधी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता. तुमचा दुपारचा थकवा हा कुठल्या लपलेल्या पदार्थाचा दोष शोधण्याआधी कमी खाण्याचा आहे का ते बघायला हवं. मला तरी तसंच दिसतंय.

पाच दिवसांचा पाण्याचा उपास म्हटला की कुणीतरी स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरीचं उदाहरण देतंच, १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस न जेवता राहिलेला माणूस. खरी गोष्ट आहे. पण सुरुवातीला त्याचं वजन २०७ किलो होतं, डॉक्टरांची देखरेख होती, व्हिटॅमिन आणि पोटॅशियम दिलं जात होतं. तुमच्या ५२ किलोमध्ये तेवढी शिल्लक नाही. आधीच खाणं कमी झालेल्या माणसाने पाच दिवस काहीच न खाता मग एकदम भरपेट जेवलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयावर बेतू शकतं, याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि हॉस्पिटलमध्ये पाच दिवस उपाशी असलेल्या माणसाला म्हणूनच सुरुवातीला निम्म्याच गरजेइतकं अन्न देतात.

गोळ्यांचा तुम्ही उल्लेख केला नाहीये, त्यामुळे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही लिहिते: इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर उपासात साखर धोकादायक खाली जाऊ शकते, डायबेटिसच्याच एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्यांवर कीटोअ‍ॅसिडोसिसचा (रक्तात आम्ल साचण्याचा) धोका वाढतो, बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांवर चक्कर येऊन पडायला होतं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयातली मुलं, आणि ज्यांना कधीही खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलाय, यांनी उपासाच्या वाटेला जायचंच नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. पहिले दोन आठवडे उपास १२ तासांवर आणायचा, तीन जेवणं आणि हवं तर एक मधलं खाणं, गम आणि बार बंद, कडधान्यं निम्मी करून दोन वेळांत वाटून, अंडी परत. कॉफी हवी असेल तर तीही नंतर आणा, या दोन आठवड्यांत नको. रोज रात्री वहीत पोट फुगणं, थकवा आणि झोप यांना ० ते १० मध्ये मार्क द्या, बस, दोन मिनिटांचं काम. माझा अंदाज आहे की निम्मा प्रश्न इथेच सुटेल, पण तो अंदाजच आहे.

मग दूध. पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप, मग तीन दिवस काहीच नाही, फक्त मार्क लिहायचे. त्रास झाला तर तिथेच थांबा आणि पोट मूळ जागी आल्यावर पुढचा प्रयोग. आंधळा प्रयोग दुधाचा सगळ्यात सोपा: घरातल्या कुणालातरी साधं दूध आणि लॅक्टोज-फ्री दूध आणायला सांगा, तीन दिवस एक, मधे सुट्टी, तीन दिवस दुसरं, कुठलं कधी ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. लॅक्टोज-फ्री थोडं गोड लागतं, म्हणून दोन्ही कशाततरी मिसळून घ्या नाहीतर जिभेला लगेच कळतं. शेवटी चिठ्ठी उघडा. माझ्या पेशंटपैकी कितीतरी जण चिठ्ठी बघून हसलेत, आणि काहींना आपला संशय अगदी बरोबर होता हे कळलंय, तेही तितकंच कामाचं.

शेवटी गहू, तसाच हळूहळू वाढवत, आणि आत्ताची टेस्ट निगेटिव्ह आली आणि फार त्रास नसेल तर टेस्ट पुन्हा होईपर्यंत चालू ठेवायचा.

हे सगळं सुरू करायच्या आधी, याच आठवड्यात, डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड आणि टीटीजी-आयजीए (सोबत टोटल आयजीए) करून घ्या. सात आठवडे अर्धवट खाणं आणि आधीपासूनचा थकवा, हे बघायलाच हवं. शौचातून रक्त जाणं, रात्री पोटदुखीने जाग येणं, ताप, गिळताना अडकणं, खाणं वाढवूनही वजन घसरत राहणं, यातलं काहीही असेल तर प्रयोग वगैरे बाजूला ठेवून थेट डॉक्टर. आणि खाणं वाढवायचं म्हटल्यावर छातीत धस्स होत असेल, आकडा वर जाईल या भीतीने झोप उडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

दोन आठवडे झाले की वहीतले आकडे टाका, त्यावरून दूध लगेच सुरू करायचं की थोडं थांबायचं ते बघू. आणि त्या बारच्या पाकिटावर मागे काय लिहिलंय ते तेवढं कळवा, मला उत्सुकता आहे.